बरणी वाढली

ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे, त्याला मी इथे अहो-जाहो करणार नाही. त्याच्या हाताखाली होते तेव्हा 'सर, सर' करून जीभ झिजली, तेवढं पुरे झालं. तोंडावर जे बोलले ते तसंच लिहीन, बाकी सगळीकडे 'तो'. तो आता हयात नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण हयात असताना बोलायची सोय नव्हती, मग बोलायचं कधी?

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. अंधेरी पूर्वेला, रबराच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांच्या गल्लीत, एका ट्रस्टची संशोधन संस्था होती. खालच्या मजल्यावर औषधांच्या तपासण्या चालायच्या, वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. तो तिचा प्रमुख. मी एम.एस्सी. होऊन तिथे लागले होते आणि पुढे तिथूनच पीएच.डी. करायची असं ठरवून बसले होते. कांदिवलीला आमची एक खोली. बाबा गिरणीत होते, संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून ते एका कारखान्यात खोकी बांधायच्या कामावर जात होते. मूळचे आम्ही मालवणकडचे. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली.

आमचं काम उंदरांच्या हाडांवर चालायचं. मांडीचं हाड काढायचं, दोन्ही टोकं कापायची, बारीक सुई घालून आतली मज्जा पिचकारीने बाहेर काढायची. मटणातली नळी चोखणाऱ्यांना मज्जा माहीत असतेच. तिच्यात अगदी थोड्या पेशी अशा असतात की ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकी सगळ्या पेशी जन्माला येतात. आज स्टेम सेल म्हटलं की शाळेतल्या पोरांनाही कळतं, मराठी पेपर त्यांना मूळपेशी म्हणतात. तेव्हा शेजाऱ्यांना सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. काचेच्या चपट्या डिशमध्ये पातळसर अगार, म्हणजे चायना ग्रासची जेली, ओतून त्यात या पेशी पेरायच्या, ऊबदार कपाटात ठेवायच्या आणि आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. एका पेशीपासून वाढलेला पुंजका म्हणजे एक कॉलनी. बाबा चाळीत अभिमानाने सांगायचे, "आमची पोरगी कॉलन्या मोजते." समोरचे काका मला महापालिकेत समजून बरेच दिवस नळाच्या कमी दाबाची तक्रार ऐकवत राहिले.

आमच्याकडे काच धुवायला एक मावशी होत्या. कुडाळकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. त्यांचा एक नियम होता. काच फुटली म्हणायचं नाही. घरात बांगडी फुटली तर आपण 'बांगडी वाढली' म्हणतो, देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. तसंच मावशींच्या राज्यात टेस्ट ट्यूबसुद्धा वाढायची. नवीन आले तेव्हा मी एकदा सहज म्हटलं, "मावशी, बीकर फुटला." तर त्यांनी माझं तोंडच धरलं. "बाय माझे, असा बोलू नको गे. घरात घोव असा माझो. वाढलो म्हण." फुटण्याचं नाव काढलं की ते नवऱ्यावर येतं, असा त्यांचा धाक. त्यानंतर आम्ही सगळ्या पोरी तसंच बोलायला लागलो. आधी गंमत म्हणून, नंतर सवयीने. भरलेली डिश पडली की आम्ही म्हणायचो, वाढली. कपाटातल्या डिशमध्ये पेशी वाढल्या की त्यालाही वाढल्याच म्हणायचो. आम्हाला कधी गोंधळ झाला नाही, कारण मावशींचा चेहरा बघितला की कोणतं वाढणं ते कळायचं. तो मात्र केबिनमध्ये बसायचा. मावशींशी बोलायला त्याला कधी कारण पडलं नाही.

तो मुलुंडचा. घराणं शिकलेलं, आजोबा वकील, वडील प्राध्यापक. काही वर्षं परदेशात काढून आलेला. त्याचं प्राणवायूवर भारी प्रेम. "नावातच प्राण आहे," असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा आणि आपणच हसायचा. पेशी जिवंत आहे, तिला श्वास हवा, जितका मोकळा श्वास तितकी वाढ जोमाची, असं त्याचं गणित. त्याने मुद्दाम ऑक्सिजनचा सिलिंडर मागवला आणि मला सांगितलं, हवेत असतो त्याहून जास्त देऊन बघ. मी दिला. कॉलन्या निम्म्यावर आल्या. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या हाताला यश नाही." घरी जाऊन मी भाकऱ्या थापत होते. माझे हात बघत होते आणि राग येत होता. त्याच हातांनी बाकीच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ डिश लागायच्या, एकीतही बुरशी नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दोष हाताचा नाही तर वायूचा आहे, असं मला तेव्हाच वाटायला लागलं. सरळ विचार होता. या पेशी शरीरात राहतात कुठे? हाडाच्या पोटात. तिथे खिडकी नाही. रक्त सावकाश झिरपत जातं आणि वाटेतच बरासा प्राणवायू खर्च झालेला असतो. बाहेरच्या हवेत पाचवा हिस्सा प्राणवायू, तिथे त्याचा फार तर तिसरा-चौथा भाग उरत असेल. पिढ्यानपिढ्या अंधाऱ्या माजघरात राहिलेल्या माणसाला आणून भर उन्हात उभं करायचं आणि वर विचारायचं, सुकलास का? प्राणवायूनेच लोखंडाला गंज चढतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं. जो वायू जगवतो तोच जाळतोही. आणि ज्या पेशीला पुढे अख्ख्या रक्ताचा संसार उभा करायचा आहे, तिला लहानपणी तो बेताबेतानेच मिळत असणार.

मी एक जाड काचेची झाकणाची बरणी घेतली. झाकणाच्या कडेला ग्रीस लावलं की ती हवाबंद व्हायची, झाकणावर एक तोटी होती. आत डिश रचायच्या, पंपाने आतली बरीचशी हवा ओढून घ्यायची आणि तिच्या जागी नायट्रोजन भरायचा, चवीपुरता कार्बन डायऑक्साइड. मग तोटी बंद, बरणी उबेत, आणि आठवडाभर तिला हात लावायचा नाही. उघडली की संपलं, बाहेरची हवा आत. बघायची कितीही घाई झाली तरी उघडायची नाही, हाच या कामातला सगळ्यात कठीण भाग होता. आठवड्याने उघडली तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाही. शेजारच्या साध्या हवेतल्या डिशमध्ये होत्या त्याच्या दुपटीहून जास्त कॉलन्या, आणि एकेक कशी भरलेली. हवा अगदीच काढून टाकली तर त्या मरगळायच्या, तेही मी करून बघितलं. त्यांना वारं नको होतं, पण गुदमरायचंही नव्हतं. मी पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. मग त्याच्या केबिनमध्ये गेले.

त्याने माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग खुर्ची मागे रेलली आणि म्हणाला, "कमी हवेत चांगलं वाढतं, असं तुझं म्हणणं."

"हो सर. या पेशींपुरतं."

"तू कांदिवलीला चाळीत राहतेस ना?"

"हो."

"म्हणून असं सुचतं. तुम्हा लोकांना कोंदटातच बरं वाटतं."

तो हसला. त्याचा मेहुणा तिथे बसला होता, तोही हसला. हा मेहुणा दुसरीकडे कुठेतरी पीएच.डी. करत होता आणि शनिवारी आमच्याकडे येऊन चहा प्यायचा. मी हसले नाही, रडलेही नाही. 'कोंदट' हा शब्द मी त्या दिवशी पदराला बांधला आणि गाठ मारून ठेवली. माझ्या आईने चार मुलं त्या एका खोलीत वाढवली होती आणि चौघंही धडधाकट होती. त्याचा एकुलता एक मुलगा मुलुंडच्या मोठ्या हवेशीर घरात सदा आजारी. हे मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं. आजही वाटतं.

काही महिने गेले. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे काम करायचे आणि उरलेल्या वेळात माझी बरणी लावायचे. मग वाचनालयात एका परदेशी नियतकालिकाचा अंक आला. त्यात कुठल्याशा प्रयोगशाळेने लिहिलं होतं की मज्जेतल्या पेशी कमी प्राणवायूत अधिक चांगल्या वाढतात. अंक त्याच्या टेबलावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत येऊन माझ्या बरणीजवळ उभा राहिला. "मी म्हणतच होतो," तो म्हणाला. "हाडात कुठला आलाय एवढा प्राणवायू?" मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी सफाईदार कोलांटी मी पहिल्यांदाच बघत होते. त्याने माझे सगळे आकडे मागून घेतले, आणि मीही खुळी, खूश होऊन दिले. वाटलं, आता पेपर निघेल, पहिलं नाव माझं, आणि पीएच.डी.चं दार उघडलं.

त्या हिवाळ्यात घाटकोपरच्या एका कॉलेजात मोठं अधिवेशन भरणार होतं. देशभरातून माणसं येणार होती. आधी निबंधांच्या गोषवाऱ्यांची छापील पुस्तिका आली, एक प्रत मला मिळाली. मी ती न उघडता घरी नेली, बाबांसमोर उघडायची म्हणून. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आमचं आडनाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांना रेशन कार्डावरून पाठ होतं. आमच्या निबंधाचं पान मी काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि नावांच्या ओळीवरून बोट फिरवत नेलं. ओळ संपली. बोट पुन्हा सुरुवातीला आलं. ओळीत दोनच नावं होती, त्याचं आणि मेहुण्याचं.

"मागच्या पानावर असेल गं," बाबा म्हणाले.

"असेल."

त्यांनी मागचं पान उलटून बघितलं, पुढचंही बघितलं. मग पुस्तिका नीट मिटून देवाच्या फळीवर ठेवली, कारण त्यांनी ती तिथे ठेवायचं आधीच ठरवलं होतं. मला त्याचा खून करावासा वाटला. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. ती रात्र मी त्याला कुठे गाठता येईल याचा विचार करण्यात घालवली, आणि सकाळी उठून वेळेवर कामावर गेले.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, जागा कमी असते. आभार मानलेत ना शेवटी." शेवटी 'तांत्रिक साहाय्य' असं होतं, तेही नावाशिवाय.

अधिवेशनात दिल्लीहून एक बाई येणार होत्या. बंगाली, पिकल्या केसांच्या, रक्तावर काम करणाऱ्यांत ज्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा अशा. भाषण झाल्यावर त्यांना गाडीतून आमच्या प्रयोगशाळेत आणायचं आणि त्यांच्यासमोर बरणी उघडून कॉलन्या दाखवायच्या, असा त्याने बेत केला. बाईंनी मान डोलावली की संस्थेचं आणि त्याचं भलं होणार होतं. मला त्याने ताजा संच लावायला सांगितला. मी लावला. दुसऱ्या कुणाला लावताच आला नसता. मेहुण्याने एकदा प्रयत्न केला होता, तर ग्रीस एवढं फासलं की झाकण घसरून त्याच्याच पायावर पडलं.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी तो एक जांभळा मखमली तुकडा घेऊन आला. बहुधा घरच्या बाजाच्या पेटीवरचा असावा. म्हणाला, उद्या सकाळी बरणी कपाटातून काढ, पुढच्या टेबलावर या मखमलीवर ठेव, शेजारी फुलं.

"सर, उघडायच्या आधी उबेतून काढायची नसते," मी म्हटलं. "मॅडम आल्या की त्यांच्यासमोरच काढू ना."

"लग्नाच्या वराला मांडवात आधी आणतात की जेवणं झाल्यावर?" तो म्हणाला. "ठेव म्हटलं की ठेवायची."

मी ठेवली. सकाळी मखमल पसरली, तिच्यावर बरणी, शेजारी गुलछडी. मावशी टेबल पुसायला आल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी जरा जास्तच मन लावलं होतं. मखमलीच्या एका टोकाखाली पाण्याचा ओघळ गेला होता, तो पुसायला त्यांनी टोक जरासं उचललं. मखमल गुळगुळीत टेबलावरून सरकली आणि तिच्याबरोबर बरणीही.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड काच एकदाच वाजते. डिश मात्र बराच वेळ वाजत राहिल्या, एक-एक करत. मी धावत आले तेव्हा फरशीवर काच आणि अगार, आणि मध्ये मावशी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या. "वाढली गे बाय," त्या म्हणाल्या. "बरणी वाढली. सगळ्या वाढल्या. एक पण रवली नाय." माझ्या हातचा संच होता तो. कुणाचंही नाव लागो, पेरला मीच होता. मी मावशींना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं की चूक तुमची नाही, मखमलीची आहे. मग आम्ही दोघी काच गोळा करायला लागलो.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात काचेने भरलेले होते, म्हणून मावशींनी उचलला. आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. तो घाटकोपरहून बोलत होता, त्याचं भाषण सुरू व्हायचं होतं.

"कोण? बरं, तुम्ही. ऐका, बरणी ठेवली का टेबलावर?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि धीर करून बोलून टाकलं. "सायबानू, ती वाढली."

"काय?"

"वाढली. आतल्या पण वाढल्या."

"सगळ्या?" त्याचा आवाज एकदम चढला. मागून माणसांची गजबज येत होती.

"सगळ्या. एक पण रवली नाय, सायबानू. देवाशप्पत."

"वा," तो म्हणाला. "वा, वा. शाब्बास."

मावशी रिसीव्हर धरून तशाच उभ्या. शाब्बास कशासाठी ते त्यांना कळेना. मला कळलं. मला ते त्याच क्षणी कळलं, आणि रिसीव्हर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. 'सर, बरणी फुटली,' एवढंच म्हणायचं होतं. मी हातातल्या काचा बादलीत टाकल्या, सावकाश, बोट कापू नये म्हणून. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"रागावले नाय गे सायेब," मावशी म्हणाल्या. "देवमाणूस."

"हो," मी म्हटलं. मग फरशी पुसली, हात धुतले, केस नीट केले. बऱ्याच दिवसांत माझा चेहरा मला एवढा आवडला नव्हता. मखमल पुन्हा टेबलावर पसरली, गुलछडी पुन्हा शेजारी ठेवली. मधली जागा तेवढी मोकळी राहिली.

ते दुपारी आले. दिल्लीच्या बाई, तो, मेहुणा आणि मागे अधिवेशनातली काही मंडळी. तो जिना चढतानाच इंग्रजीत बोलत होता. भाषणात त्याने सांगितलं होतं म्हणे, की आत्ताच माझ्या प्रयोगशाळेतून बातमी आली आहे, एकूण एक डिशमध्ये वाढ झाली आहे, एकही मागे राहिलेली नाही. टाळ्या पडल्या होत्या. हे मला नंतर कळलं, पण त्याच्या चेहऱ्यावर त्या टाळ्या अजून दिसत होत्या.

तो टेबलापाशी आला आणि थांबला. "बरणी कुठाय?"

मी मावशींकडे बघितलं. बोलण्याचा मान त्यांचा होता.

"सायबानू, फोनवर सांगितलंय मा," मावशी म्हणाल्या. "वाढली."

"वाढल्या, हो, कळलं. पण आहेत कुठे?"

मावशींनी बादलीकडे हात केला. त्याने बादलीत बघितलं. मुलुंडचं घराणं असलं तरी त्याच्याही आईच्या हातात बांगड्या असणारच. त्याला अर्थ कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एकही क्षण मी वाया जाऊ दिला नाही. आधी कान लाल झाले, मग कपाळ.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"भाषेचा जरा गैरसमज," तो म्हणाला. "सामान्य बाई आहे." मग माझ्याकडे वळून, दातांत, मराठीत, "तू सांग काहीतरी यांना."

मी सांगितलं. माझं इंग्रजी त्याच्यासारखं गुळगुळीत नव्हतं, पण होतं तेवढं पुरलं. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे काच फुटली असं म्हणणं अशुभ, म्हणून ती वाढली असं म्हणतात. सकाळी बरणी पडून फुटली. या मावशींनी फोनवर तेच सांगितलं, आणि सरांनी ते पेशींबद्दल ऐकलं.

बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, आमच्या घरी तांदूळ संपले की माझी आई म्हणायची, तांदूळ वाढताहेत. संपले म्हटलेलं लक्ष्मीला आवडत नाही. मावशींना मी हे मराठीत सांगितलं, तर त्यांनी बाईंना हात जोडले. तोही घाईघाईने हसला. त्याला वाटलं, सुटलो.

बाईंचं हसू ओसरलं. त्या बादलीतल्या काचांकडे बघत होत्या. "पण मला एक सांगा," त्या त्याला म्हणाल्या. "सकाळी फोनवर वाढल्या ऐकून तुम्हाला नवल वाटलं नाही? बंद बरणीतलं वाढलेलं कुणी बघितलं?"

"आम्ही रोज सकाळी उघडून बघतोच," तो म्हणाला.

मागच्या मंडळींत कुणीतरी खोकलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "रोज उघडता?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "आठवडाभर उघडत नाही. उघडली तर बाहेरचा प्राणवायू आत जातो, मग बरणीत ठेवली काय नि बाहेर ठेवली काय."

"तोटीतून किती हवा काढता?"

मी सांगितलं. त्यांनी मग बरंच विचारलं. हवा कमी केली तर काय, अजून कमी केली तर काय, मज्जेतल्या इतर पेशींचं काय होतं, ग्रीस कोणतं. काही गोष्टी मी करून बघितल्या होत्या, त्या सांगितल्या, आणि जे केलं नव्हतं ते केलं नाही म्हणून सांगितलं. तो मखमलीचं टोक बोटाने सारखं करत उभा होता. मेहुणा केव्हा खाली गेला ते कुणाला दिसलं नाही.

"पुन्हा लावता येईल का?" बाईंनी विचारलं. "मी आठवड्याने परत मुंबईत आहे."

"अर्थात," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "लावशील ना गं?"

इतकं गोड तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी म्हटलं, "लावीन सर. पेपरवर पहिलं नाव माझं असेल तर."

"हे आपण नंतर बोलू," तो हळूच म्हणाला.

हे सगळं मराठीत चाललं होतं. बाईंनी 'काय चाललंय?' म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत करून त्यांना सांगितलं. माझं वाक्यही आणि त्याचंही. बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच प्रश्न पडल्यासारखा होता. "हिचं नाव आधीच नाहीये का?"

खोलीत सगळे होते. मावशी, आमच्या पोरी, अधिवेशनातली माणसं. मला बाबांचं बोट आठवलं. मी त्याला सोडवायला काहीही बोलले नाही.

"आहे," तो म्हणाला. "म्हणजे, असेल. पहिलं."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "सर, ऐकू नाही आलं," आणि त्याला ते सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावलं.